सूर्यामागे न फिरणारा आरसा

तुमसर तालुक्यातल्या आंबागडावर २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य माथ्यापासून जेमतेम दोन अंश उत्तरेला असतो. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही तो पंचेचाळीस अंश दक्षिणेला कलतो. वर्षाची ही ये-जा, त्यात रोजची पूर्व-पश्चिम फेरी. ऊन एका जागी गोळा करायचे तर आरशाने सूर्यामागे फिरायलाच हवे, असे वाटते ते यामुळेच.

मुंबईत १८७०च्या दशकात विल्यम अॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने सपाट आरशांची मोठी चौकट उभारून उन्हावर बाष्पयंत्र चालवले. चौकट सूर्याबरोबर सरकवायला माणूस लागे. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ साली बसवलेल्या ७३ शेफलर तबकड्याही (ऊन एकवटणारे वाटोळे आरसे) दिवसभर वळतात.

ही सक्ती सैल केली ती अमेरिकेतल्या रोलंड विन्स्टन यांनी. ते कणभौतिकीचे अभ्यासक. वेगवान कणांमुळे उमटणाऱ्या चेरेंकोव्ह प्रकाशाचा अंधुक झोत टिपायला त्यांनी १९६६च्या सुमारास एक नवा संग्राहक मांडला आणि १९७४ साली तोच उन्हासाठी सुचवला. सोव्हिएत संघात बारानोव्ह यांनाही ही रचना स्वतंत्रपणे सुचली होती. उष्णता हवी तर सूर्याची प्रतिमा कशाला, हा त्यामागचा विचार.

दिसायला हे लांबलचक नरसाळे. दोन्ही बाजूंना चकचकीत पत्र्याचे पॅराबोलाचे बाक, तळाशी उष्णता शोषणारी पट्टी किंवा नळी. उजव्या बाकाचा नाभिबिंदू पट्टीच्या डाव्या कडेवर, डाव्याचा उजव्या कडेवर. ठरवलेल्या कोनाच्या सीमेवरून आलेला किरण पट्टीच्या कडेवर पडतो. सीमेच्या आतला प्रत्येक किरण पट्टीवरच पोचतो. सीमेबाहेरचा तोंडातूनच परत बाहेर जातो.

म्हणजे आभाळाचा किती पट्टा आत घ्यायचा, हे कारागीर आधीच ठरवतो. त्याची किंमतही ठरलेली आहे: एकाला सीमाकोनाच्या (नरसाळ्याच्या मध्यरेषेपासून सीमेपर्यंतच्या कोनाच्या) साइनने भागले की ऊन जास्तीत जास्त किती पट होईल ते कळते. तीस अंशांना दुप्पट, सहा अंशांना सुमारे साडेनऊ पट. पण सहा अंशांचा सांगाडा फार उंच होतो आणि ऋतूप्रमाणे त्याचा कल पुनःपुन्हा बदलावा लागतो. उंचीवर तोड आहे. वरचा भाग जवळजवळ उभाच असतो, तो छाटला तरी फारसे ऊन हातचे जात नाही.

आंबागडासाठी गणित मांडून पाहू. नरसाळे पूर्व-पश्चिम आडवे ठेवायचे आणि तोंड दक्षिणेकडे अक्षांशाइतके, सुमारे साडेएकवीस अंश, कलवायचे. वर्षभर रोज सकाळी नऊ ते दुपारी तीन (सूर्यवेळेने) ऊन आत यायला हवे असेल तर सीमाकोन साडेएकतीस अंश लागतो. ऊन मिळते १.९ पट. सात तास हवे असतील तर १.७ पट. मोटर नाही, गिअर नाही. आरसे पुसले की झाले.

दुप्पट म्हणजे थोडेच, असे वाटेल. पण शोषक पट्टी निम्मी झाली की तिच्यातून वाया जाणारी उष्णताही जवळपास निम्मी होते. निर्वात काचनळी जोडली तर दीडशे-दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत मजल जाते. शिवाय ढगांतून पसरून येणारा अर्धाअधिक उजेड आत येतो. मोठ्या तबकडीला तो जवळजवळ निरुपयोगी.

आंबागड ज्यात येतो तो भंडारा हा धानाचा जिल्हा. उकडा तांदूळ करताना धान भिजवायला साठ-सत्तर अंशांचे पाणी लागते आणि मग वाफ. वीजनिर्मितीसाठी चारशे अंश हवे असतील तर सूर्यामागे फिरणारा आरसाच घ्यावा. भात गिरणीच्या गरम पाण्याला मात्र हा एका जागी बसलेला आरसा पुरतो.