कर्णबधिर विद्यार्थ्याचे परदेशी अध्ययन : भाषेचा प्रश्न

विनिमय-योजनेखाली परदेशी विद्यापीठात एखादे सत्र घालवू इच्छिणाऱ्या कर्णबधिर विद्यार्थ्याच्या बाबतीत, दुभाषी मिळेल की नाही, एवढेच सामान्यतः विचारले जाते. दुभाषी कोणत्या भाषेचा, हा प्रश्न मात्र त्याआधीचा होय.

सांकेतिक भाषा जगभर एकच असते, हा समज निराधार आहे. ती त्या त्या देशाच्या बोलभाषेचे अनुकरणही नव्हे. ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत इंग्रजी चालते. परंतु तेथील सांकेतिक भाषा परस्परांना दुर्बोध आहेत. १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे निघालेल्या शाळेत लोराँ क्लेर हे फ्रेंच कर्णबधिर शिक्षक शिकवू लागले, आणि अमेरिकन सांकेतिक भाषेचे नाते फ्रेंच भाषेशी जडले. तिची बोटांची वर्णमाला एका हाताची; ब्रिटिश वर्णमाला दोन हातांची. भारतात रोमन अक्षरे दर्शविण्याची प्रचलित रीतही ब्रिटिश वळणाची, द्विहस्त आहे. त्यामुळे पुण्याहून अमेरिकेस गेलेल्या विद्यार्थ्याला, दुभाषी समोर उभा असूनही, व्याख्यान अगम्यच राहण्याचा संभव असतो.

यास्तव प्रस्थानापूर्वी तेथील सांकेतिक भाषेचा अभ्यास सुरू करावा, आणि तो पुरेसा होईपर्यंत व्याख्यानाचे तत्काळ लिखित रूप मागावे. भारताचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अमेरिकेत लागू होत नाही. तेथे १९९० च्या कायद्यान्वये ही जबाबदारी सामान्यतः यजमान विद्यापीठावर येते. ती मागणी मात्र विद्यार्थ्यानेच, नेमक्या भाषेच्या उल्लेखासह, लेखी नोंदवावयाची असते.