टी. पी. पडली म्हणजे नक्की काय झालं?

बडोद्याच्या कडेला प्लॉट किंवा फ्लॅट बघायला गेलात की दलाल हमखास सांगतो, "इथे टी. पी. पडली आहे, काळजी नको." ही टी. पी. म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, अर्थात नगररचना योजना. मुंबई इलाख्यात तिचा कायदा १९१५ साली आला. गुजरातेत आज १९७६चा कायदा चालतो.

शेतांतून सरळ रस्ता काढला, की एकाची सगळी जमीन जाते आणि शेजाऱ्याची इंचभरही न जाता तिचा भाव मात्र वाढतो. योजनेत तसं होत नाही. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करतात, प्रत्येकाचा काही हिस्सा कापतात आणि उरलेली जमीन नीट आखलेला प्लॉट म्हणून परत देतात. कायद्यात रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा-मैदानांसाठी ५, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी ५ आणि विकून खर्च भागवायला १५ टक्के, अशी साधारण मर्यादा आहे. समजा, कुणाची १००० चौरस मीटर जमीन आहे आणि ४० टक्के कापली गेली. हाती ६०० उरली. पण आता तिला रस्ता आहे, म्हणून किंमत वाढते. त्या वाढीतला निम्म्यापर्यंतचा वाटाही वर्गणी म्हणून घेता येतो.

मोठ्या मालकाला हे परवडतं. प्रश्न येतो तो लहान तुकडेवाल्याचा, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्या भाडेकरूचा, झोपडीवाल्याचा. दुर्बल वर्गाच्या घरांसाठी १० टक्क्यांच्या आसपास जागा राखायची तरतूद आहे. पण नकाशावर जागा राखली म्हणजे घर बांधून झालं, असं नाही.

मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत लेखी हरकत घेता येते. कायदा इथे फक्त 'मालक' म्हणत नाही. योजनेची झळ ज्याला बसेल अशी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. म्हणजे भाडेकरूसुद्धा! हे फार थोड्यांना माहीत असतं, आणि महिना बघता बघता सरतो.

तेव्हा आपल्या भागाची टी. पी. कितवी, ती मसुद्यात आहे की अंतिम झाली, एवढं तरी विचारून ठेवा. नोटीस गुजरातीत असते. घरात आजी-आजोबांना ती वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून समजावून सांगा, आणि अर्जही तुम्हीच लिहून द्या.