पाण्यात बंद पडलेली एसयूव्ही आणि इंजिनाचा खर्च

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि त्या दाबावर सगळे काम चालते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी आत गेले आणि इंजिन फिरत राहिले, तर सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. क्वचित तुटून ब्लॉकलाच भोक पाडतो. डिझेल इंजिनात हवा पेट्रोलपेक्षा बरीच जास्त दाबली जाते, म्हणून तिथे धोकाही मोठा.

हैदराबादने हे 13 ऑक्टोबर 2020च्या पावसात पाहिले. बेगमपेठेत एका दिवसात सुमारे 19 सेंटिमीटर पाऊस झाला, रस्त्यांवरच्या गाड्या वाहून गेल्या, तळघरातली पार्किंग बुडाली. हुसेनसागर तलावाचे जादा पाणी मुसी नदीकडे नेणारा नाला हिमायतनगर, नारायणगुडा या दाट वस्तीच्या भागातून जातो. अशा ठिकाणी एसयूव्हीच्या उंचीवर विसंबणे महागात पडते. गाडीचा तळ किती उंच आहे यापेक्षा इंजिन हवा कुठून ओढते हे महत्त्वाचे, आणि समोरून गेलेल्या बसची एक लाट तिथवर सहज पोचते.

पाण्यात गाडी बंद पडली की पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. टोचन करून गॅरेजात नेली, तर बहुधा सिलिंडरमधले पाणी काढणे, ऑइल आणि फिल्टर बदलणे एवढ्यावर निभावते. एकदा चावी फिरवली की इंजिन खोलण्याची वेळ येऊ शकते, आणि चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे पूर्ण काम एक लाखाच्या पुढे सहज जाते.

विम्याचा प्रश्न इथेच गुंततो. पुराने झालेले नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत धरले जाते. पण पाणी शिरल्यावर इंजिन फिरवून झालेली मोडतोड हे परिणामी नुकसान मानून कंपन्या सहसा नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कव्हर लागते, आणि ते बहुधा ठरावीक वयापर्यंतच्या गाड्यांनाच मिळते. शिवाय घसारा आहे. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के, रबर-प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के रक्कम कापली जाते. म्हणजे एक लाखाच्या धातूच्या सुट्या भागांतले 40 हजार मालकाच्या खिशातून. झिरो डेप्रिसिएशन कव्हर असेल तरच ही कपात टळते. दुरुस्ती विमा उतरवलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेली, तर गाडी पूर्ण निकामी धरतात. इंजिन खोलण्याआधी कंपनीला कळवून सर्व्हेअरची पाहणी करून घ्यावी. आधी खोललेल्या इंजिनावरून वाद होतात.

पाण्याखेरीज दोन गोष्टी इंजिनाला बाधतात. पहिली उष्णता. काटा लाल पट्टीकडे जात असताना गाडी पुढे रेटली, तर हेड गॅस्केट जाते, हेड वाकते. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ थर दिसला, तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याचा संशय घ्यावा. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. दुसरी गोष्ट शहरातल्या छोट्या फेऱ्या. एप्रिल 2020पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो आणि ती काजळी जळायला बरीच उष्णता लागते. रोज नारायणगुड्याहून काचीगुड्यापर्यंतच जाणाऱ्या गाडीला ती मिळत नाही, फिल्टर तुंबतो. अधूनमधून सोलापूरच्या दिशेने झहीराबादपर्यंत एकसारख्या वेगाने जाऊन आल्यास तो बऱ्याचदा मोकळा होतो. डीपीएफचा दिवा लागलेला असताना दुर्लक्ष केले, तर मात्र फिल्टर बदलण्याचा मोठा खर्च येतो.

गॅरेजने ‘पूर्ण इंजिन बांधावे लागेल’ असे सांगितले, तर आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. अनेकदा फक्त हेडचे काम पुरते. अंदाजपत्रक लेखी घ्यावे, बदललेले जुने भाग पाहायला मागावेत, मजुरी आणि सुटे भाग बिलात वेगळे असावेत. तक्रार राहिली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आणि पॉलिसीचे कागद आजच काढून इंजिनाचे कव्हर त्यात आहे का, ते पाहावे; नसेल, तर नूतनीकरणाच्या वेळी मागून घ्यावे.