मुलाम्याची पकड

म्हैसूर शहरातील अग्रहार ही राजवाड्याच्या परिसरातील जुनी वस्ती. याच राजवाड्याचे तिसरे कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) यांच्या आश्रयाने म्हैसूरची चित्रशैली बहरली. या चित्रांतील मुकुट व दागिने सोन्याच्या वर्खाने झळाळतात. मात्र वर्ख लावण्यापूर्वी चित्रकार सफेदा, ‘मक्की’ नावाचा पिवळा डिंक व सरस यांच्या मिश्रणाचा किंचित उठावदार थर देतो आणि त्यावर वर्ख दाबून बसवतो. खालचा थर नीट नसेल, तर वर्ख टिकत नाही.

हेच तत्त्व प्लास्टिकवरील धातूच्या मुलाम्यालाही लागू पडते. नळाची चकचकीत मूठ किंवा मोटारीवरील बोधचिन्ह धातूचे वाटते. पुष्कळदा ते प्लास्टिकचे असून त्यावर धातूचा पातळ थर असतो. गुळगुळीत प्लास्टिकवर धातू सहजासहजी धरत नाही. शिवाय उष्णतेने प्लास्टिक धातूपेक्षा कित्येक पटींनी अधिक प्रसरण पावते. पकड कच्ची असल्यास मुलाम्याला फोड येतात व तो सुटतो.

म्हणून पृष्ठभागाची पूर्वतयारी करावी लागते. प्रथम तेलकटपणा धुऊन काढतात. ‘एबीएस’ या प्लास्टिकमध्ये रबराचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. क्रोमिक व सल्फ्युरिक आम्लांच्या उष्ण द्रावणात वस्तू बुडवल्यावर पृष्ठभागालगतचे हे कण नाहीसे होऊन तेथे सूक्ष्म खळगे पडतात. नंतर पॅलेडियमच्या साहाय्याने, वीज न वापरता, निकेलचा किंवा तांब्याचा पहिला थर चढवतात. तो खळग्यांत शिरून घट्ट बसतो. आता पृष्ठभाग विद्युतवाहक झाल्याने पुढील थर विजेच्या साहाय्याने देता येतात.

परंतु या द्रावणातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्याचे तुषार श्वासावाटे कामगाराच्या फुप्फुसांत जातात. सांडपाणी शुद्ध न करता सोडल्यास जमीन व पाणी दूषित होते. यासाठी परमँगनेटची द्रावणे आणि प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, यांसारख्या पर्यायांचा वापर होऊ लागला आहे. प्लाझ्मामुळे पृष्ठभाग स्वच्छ होतो व त्यावर धातूशी जुळणारे रासायनिक गट तयार होतात.

हा बदल साध्या थेंबानेही दिसतो. प्रक्रिया न केलेल्या प्लास्टिकवर पाण्याचा थेंब गोळा होऊन राहतो. प्रक्रियेनंतर तोच पसरतो. पृष्ठभाग मुलामा धरण्यास तयार होत असल्याची ती खूण असते. अशी तयारी जितकी पक्की, तितकीच ती करणाऱ्यांसाठी निर्धोक असणेही आवश्यक आहे.