शिरेतली नळी, बाहेरचं चुंबक

सोलापुरात गणवेश शिवताना सुई पडली की आम्ही गटातल्या बायका चुंबक फिरवतो. कापडाखालून चुंबक नेलं, तर वरची सुई तोंड वळवते. हीच युक्ती काही मोठ्या दवाखान्यांत हृदयासाठी वापरतात.

हृदयाचे ठोके बिघडले, तर मांडीच्या शिरेतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयात नेतात आणि बिघाडाची जागा टोकाच्या उष्णतेने जाळतात. १९२९ साली जर्मनीत डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच हातातून अशी नळी हृदयापर्यंत नेली होती. एरवी डॉक्टर ती हाताने वळवतात. या पद्धतीत नळीच्या टोकात इवलंसं चुंबक असतं, रुग्णाच्या दोन्ही बाजूंना दोन मोठी. मोठी फिरली की टोक वळतं. डॉक्टर शेजारच्या खोलीतून पडद्यावर पाहत ती चालवतात. नळी मऊ असते, त्यामुळे हृदयाला भोक पडायचा धोका कमी.

चुंबक फक्त नळी वळवतं, आजार ओढून काढत नाही. म्हणून चुंबकाच्या माळेवर पैसे घालवू नका. पेसमेकर बसवला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि धडधड वाढून चक्कर आली, तर ‘काम उरकून जाते’ म्हणू नका. आधी दवाखाना, मग काम.