पदाच्या डोक्यावरची चाल

मराठी नाट्यसंगीताकडे ख्यालगायकीचे धाकटे भावंड म्हणून पाहण्याची रीत अभ्यासकांत बरीच जुनी आहे, आणि मैफल उतरणीला लागल्यावर श्रोत्यांच्या समाधानासाठी गायचे ते नाट्यपद, ही समजूतही तिच्यातूनच रुजली आहे. ही समजूत मुळातच चुकीची आहे. बेळगाव-धारवाडकडच्या मुलखातून आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’ केले, तेव्हा त्यांच्याजवळ कीर्तनातून घरोघरी पोचलेल्या साकी-दिंडीसारख्या छंदोरचना होत्या, लावणीचा ठसका होता, हिंदुस्थानी रागांची ओळख होती आणि कानडी पदांच्या चालीही होत्या. हे संगीत जन्मापासूनच मिश्र होते.

या मिश्रणाचा पुरावा जुन्या नाटकांच्या छापील प्रतींतच सापडतो. तेथे पदाच्या डोक्यावर ‘चाल’ दिलेली असे, म्हणजे ज्या आधीच्या रचनेच्या सुरावटीवर ते पद बेतले त्या रचनेचे पहिले काही शब्द छापलेले असत. कोठे ती एखादी चीज, म्हणजे रागात बांधलेली बंदिश असे, कोठे लावणी, तर कोठे कानडी पद. मूळ रचना ज्याच्या कानात होती त्याला नव्या पदात जुने सूर भेटत, आणि त्यामुळे नाट्यपद पहिल्याच प्रयोगाला आठवणींचे गाठोडे घेऊन रंगमंचावर येत असे. नाट्यगीताने मन हळवे का होते, याचे उत्तर येथे आहे. केवळ गायकाच्या गोड गळ्यात ते शोधणाऱ्यांना ते सापडणार नाही.

‘मानापमान’ (1911) मध्ये गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचा नखरा मराठी पदांत आणला, तर आग्रा आणि जयपूर या दोन्ही घराण्यांची तालीम पचवलेल्या भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ (1916) रागदारीने समृद्ध केले. गायकनट बालगंधर्वांच्या गाण्यामागे पायाने भाता चालवायचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला अशी साथ असे. पुढे बोलपट आला, नाटक मंडळ्या मोडकळीला आल्या, 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ने गाणे आटोपशीर केले, हा सारा भाग इतरांनी पुष्कळ लिहिला आहे.

नाट्यसंगीताचा सुवर्णकाळ गंधर्वांबरोबर संपला, असे म्हणणाऱ्यांनी मात्र 1964 चे ‘मत्स्यगंधा’ पुन्हा कान देऊन ऐकावे. मंगेशीच्या कीर्तनकार घराण्यात जन्मलेले, अझमत हुसेन खाँ आणि जगन्नाथबुवा पुरोहितांकडे शिकलेले जितेंद्र अभिषेकी यांनी येथे पद लांबवले नाही; प्रसंगाला हवे तेवढेच गाणे ठेवून त्यात रागाचा अर्क भरला. 1966 मध्ये ‘ययाति आणि देवयानी’ आले, 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’. ‘कट्यार’मध्ये ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद त्यांनी दोन चालींत बांधले: एक दक्षिणेच्या वळणाच्या सालगवराळीत, दुसरी धानीत. शब्द तेच असताना नाटकातल्या दोन घराण्यांचे स्वभाव केवळ सुरांतून प्रेक्षकांसमोर उभे करण्याची ही किमया मराठी रंगभूमीवर अजोड आहे, आणि तिला ‘भेसळ’ म्हणणाऱ्यांनी शुद्धतेच्या नावाखाली आपलेच कान बंद करून घेतले आहेत.

आज नाट्यगीतांचे कार्यक्रम भरपूर होतात, पण त्यांत तीच दहा-बारा पदे फिरत राहतात, ऑर्गनची जागा कीबोर्ड घेतो, आणि निवेदक नटाचे नाव सांगून संगीतकाराचे गाळतो. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असल्याने तीवर गायकाला विस्तार आवरता घ्यावा लागे; रंगमंचावर मात्र ‘वन्समोअर’ मिळत गेले की तेच पद कितीतरी वेळ फुलत राही. तबकडीवरचा तो नाइलाजाचा आटोपशीरपणा आज पदाचे अंतिम रूप म्हणून जसाच्या तसा गिरवला जातो, आणि छापील प्रतींतली ‘चाल’ही नव्या संग्रहांतून गळत चालली आहे.

या दिवाळीत घरच्या बैठकीत कोणी कोणाला आवडीचे नाट्यपद ऐकवील, तर त्याने नाटकाचे नाव, संगीतकाराचे नाव आणि ठाऊक असेल तेथे मूळ चाल, एवढे तीन तपशील त्या पदाबरोबर आवर्जून सांगावेत.