हिशेबाची अमानत

१९८९ साली न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि उरण-पनवेल पट्ट्यातील कितीतरी घरांच्या दारात ट्रेलर उभे राहिले. आमच्याही दारात दोन आहेत. डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार आम्हाला तोंडपाठ. आयकर म्हटला की मात्र कागदांची पिशवी टॅक्सवाल्याकडे द्यायची आणि ‘भरून टाका’ म्हणायचे, एवढेच ठाऊक.

मग एका सीएफएसमध्ये वर्षभराचे काम मिळण्याची वेळ आली. त्यांनी तीन वर्षांची रिटर्न मागितली, तेव्हा कळले की मधल्या वर्षाचे रिटर्न भरलेच गेले नव्हते. फी मात्र आम्ही दिली होती. पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल त्या माणसाचाच असल्याने नोटीसही आमच्यापर्यंत पोचली नाही. काम दुसऱ्याला गेले. त्या रात्री अब्बा जेवले नाहीत.

चूक त्याची होती, तशी आमचीही होती. आम्ही पावती कधी मागितलीच नाही. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि मजकूर देणेकऱ्याने सांगावा, असेही तिथे आहे. म्हणजे लिहिणारा दुसरा असला, तरी सांगण्याची जबाबदारी आपलीच.

नवा माणूस शोधताना आम्ही चार गोष्टी पाहिल्या.

पहिली, तो कोण आहे? साधे रिटर्न अनुभवी कर सल्लागारही भरू शकतो. आयकराचे ऑडिट मात्र सीएच करू शकतो. सीएचा सदस्य क्रमांक त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्याने दिलेल्या दाखल्यावर १८ अंकी यूडीआयएन असतो, तोही पडताळता येतो.

दुसरी, त्याला आपला धंदा कळतो का? दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याने पॅनसह तसे लिहून दिले, तर भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. अशा मालकाला गाडीमागे दरमहा ठरावीक उत्पन्न धरून कर भरण्याची सोयही आहे. १२ टनांवरच्या गाडीला टनामागे १,००० रुपये. आम्ही हेच विचारून पाहिले. दोघे गडबडले, तिसऱ्याने कागद घेऊन हिशेब मांडला.

तिसरी, किल्ली कोणाकडे? पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल आपलाच हवा. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करायची असते. ती झालीच नाही, तर रिटर्न भरलेलेच नाही असे धरले जाते. म्हणून पोचपावती हातात घ्यावी.

चौथी, तो खोटे लिहायला तयार आहे का? ‘वजावटी दाखवून मोठा परतावा आणतो, त्यातला हिस्सा द्या,’ म्हणणाऱ्याला लांबूनच सलाम. रिटर्न आपल्या नावाचे, जाबही आपल्यालाच विचारला जातो.

आणखी एक फायदा झाला. धंद्याचे वर्ष ३१ मार्चला संपते, जकातीचे चांद्र वर्षाप्रमाणे. आता वह्या महिन्याच्या महिन्याला पुऱ्या होतात, त्यामुळे जकातीच्या तारखेला हातातली रोकड आणि येणे किती, याचा आकडा तयार मिळतो.

ओटीपी आता अम्मीच्या मोबाइलवर येतो. कशासाठी आहे ते विचारल्याशिवाय ती तो सांगत नाही.